वाढत्या अंगाची सायकल

१ जानेवारी, गुरुवार

खतवाल्यानं नवी डायरी दिली. दरवर्षी मी तिच्यात फवारणी, पाण्याची पाळी आणि पेरूचा तोडा एवढंच लिहितो. यंदाची भलतीच जाड निघाली, दिवसाला अख्खं एक पान. एवढ्या पानावर 'पाणी दिलं' असे दोन शब्द लिहायचे म्हणजे मोठ्या मांडवात एकच पाहुणा बसवल्यासारखं दिसतं. म्हणून यंदा घरातलंही लिहिणार आहे. कुणी वाचेल ही भीती नाही. चांगुणेला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि तिचा चष्मा तिला कधी सापडत नाही.

घरात आम्ही चौघं. मी, चांगुणा, सूनबाई रेश्मा आणि नात संस्कृती. रेश्मा राहात्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे म्हणून ती आणि पोरगी इकडे कोल्हारच्या वस्तीवर राहतात. आमचे चिरंजीव रविराज पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. शनिवारी येतात, चारचाकीनं. चारचाकीनं येतात कारण दुचाकी येत नाही. आमच्याकडं मिसरूड फुटायच्या आधी पोरं मोटारसायकल पळवतात, आणि माझ्या पोराला चौतिसाव्या वर्षी साधी सायकल येत नाही. सहा वर्षांचा असताना मी त्याला चांगली मोठी सायकल आणली होती. एकदा तिच्यासकट पाटात पडला, पुन्हा हात लावला नाही. मग मी ती पडवीत आढ्याला टांगली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, "घोडी तबेल्यात अन् धनी पायी!" लोक पोट धरून हसायचे. रविराजही हसायचा. लहानपणी हसरा होता तो.

नातीचं तसं होऊ द्यायचं नाही. ८ फेब्रुवारीला तिला पाचवं पूर्ण होतं. त्या दिवशी तिनं ओट्यापासून पाटाच्या अलीकडच्या बाभळीपर्यंत एकटीनं सायकल चालवायची, असं मी ठरवलंय. अजून कुणाला बोललो नाही.

४ जानेवारी, रविवार

राहात्याला पेरू घालून आलो आणि येताना सायकल आणली. पोरीला मुद्दाम नेलं नाही. पोरं दुकानात नेली की रंगावर भाळतात.

दुकानदार तरुण होता, बोलका. म्हणाला, "वय काय?" म्हटलं, "पाच." लगेच त्यानं दोन खेळणी पुढं ओढली, एक चौदा इंची, एक सोळा. म्हटलं, "ती मागची दाव. निळी."

"काका, ती ईस इंची हाय. पाच वर्साच्या पोरीचे पाय पुरायचे न्हाईत."

"आज न्हाई पुरायचे. पोरगी हाय का खांब? वाढंल की."

"पोरीला संगं आनायचं हुतं. बसवून बघितली असती."

"उद्या म्हनशील, पाय घरी राहिला म्हनून चप्पल बी घेऊ नका."

यावर त्यानं निळी बाहेर काढली. सायकलीच्या दुकानात चांगला मुद्दा मांडणारं गिऱ्हाईक रोज येत नसावं.

आमच्या घराचा एक नेम आहे, घ्यायचं ते वाढत्या अंगाचं घ्यायचं. शाळेचा सदरा कोपरापर्यंत दुमडून दोन वर्षं, मग मापाचा होऊन एक वर्ष, मग धाकट्याला. चपलेत पुढं कागद कोंबायचा. मला मॅट्रिकच्या वर्षी वडिलांनी काळी सायकल घेतली तीही वाढत्या अंगाची. मी वाढायचा तेवढा वाढलो नाही ही गोष्ट निराळी. अजून मी तिच्यावर ओट्याच्या दगडावर पाय देऊनच चढतो आणि उतरायला दगड बघूनच थांबतो. पण पन्नास वर्षं झाली, सायकल आहे तशी आहे.

पेरूच्या रिकाम्या कॅरेटांवर निळी सायकल बांधून टेम्पोतून आणली. संस्कृती धावत आली. तिच्याभोवती एक फेरी मारली. सीट तिच्या छातीला लागली. म्हणाली, "केवढी मोठी!" मला बरं वाटलं. चांगुणा काहीच बोलली नाही, म्हणजे पसंत पडली. रेश्मा म्हणाली, "छान आहे आप्पा, पण..." एवढ्यात तिला फोन आला.

६ जानेवारी, मंगळवार

फळमाशीचे सापळे बदलले.

संस्कृती सायकलवर अजून बसली नाही, पण तिच्यावर जीव फार. सकाळी फडक्यानं पुसते, झेंडूचं फूल हँडलला खोचते, संध्याकाळी आजीचं जुनं लुगडं पांघरते. "तिला थंडी वाजते," म्हणते. वस्तूची कदर असलेली पोर आहे. हा गुण आमच्याकडून आला.

८ जानेवारी, गुरुवार

आज विचारते, "आप्पा, सायकल मोठी आहे का मी लहान आहे?"

म्हटलं, "तू लहान आहेस."

"मग मी मोठी होते."

आणि खरोखरच कामाला लागली. दूध बघून नाक मुरडणारी पोर आज दोन पेले प्यायली. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, मला खडूनं रेघ मारायला लावली. दुपारी पुन्हा उभी राहिली. दुपारपर्यंत काही फरक नव्हता, तर पुन्हा दूध मागितलं. रेश्मा इतके दिवस डॉक्टरांच्या पावडरी आणत होती. औषध माझ्या सायकलमध्ये होतं.

११ जानेवारी, रविवार

आजचं सगळं लिहितो, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

रविराज काल आला होता. सकाळी म्हटलं चला, शुभस्य शीघ्रम्. संस्कृतीला उचलून सीटवर बसवलं. माझी पद्धत अशी की मागं कॅरिअर धरायचं, पळत सुटायचं, "धरलंय, धरलंय" म्हणत राहायचं आणि कळू न देता सोडायचं. माझ्या वडिलांनी मला असंच शिकवलं. सायकल ही विश्वासघाताशिवाय येत नाही.

पोरगी हँडल घट्ट धरून बसली. पॅडल खाली गेलं की तिचा पाय सोडून जायचं आणि वर आलं की पुन्हा भेटायचं. म्हटलं, वर आलं की दाब. दोन-तीनदा बरं जमलं. रविराज ओट्यावर चहा घेत उभा होता. तिथून ओरडायला लागला, "आप्पा, सोडू नका. आप्पा, सोडू नका." तोवर मी सोडलंही होतं.

दहा पावलांवर गेली आणि आडवी झाली. गुडघा आणि कोपर सोललं. रडली नाही. धुळीत बसून मला म्हणाली, "आप्पा, सायकलला लागलं का?" सायकलचा रंग थोडा खरवडला होता, पण मी नाही म्हटलं.

रविराजनं धावत येऊन तिला उचललं. ओट्यावर नेऊन तिला धरून तिथंच बसला. गाडी चालवून दमला असेल. मला म्हणाला, "तुमी सोडनार हे मला माहीत हुतं." एवढंच. चांगुणेनं भरीत केलं होतं, ते न खाता पुण्याला निघून गेला.

ज्याला सायकल येत नाही त्यानं मला शिकवावं! पोर पडल्याशिवाय शिकतं का? खरचटलं पोरीला आणि तोंड उतरलं बापाचं. मी त्याच्या तोंडावर काही बोललो नाही, हे मात्र इथं लिहून ठेवतो. सासष्ट वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. संस्कृतीनं सायकलच्या सीटवर तिळाची वडी ठेवून "गोड बोल" म्हटलं. बसायचं नाव काढत नाही. मी आग्रह केला तर म्हणते, "अजून मी रेघेच्या वर गेले नाही."

चांगुणा कालपासून संध्याकाळी पोरीला घेऊन देवीला जाते. म्हटलं बरं आहे, नवस बोलत असेल सायकलचा.

१९ जानेवारी, सोमवार

दुसरा तोडा झाला. माल चांगला.

चार गोष्टी खटकतात त्या लिहितो. एक, पोरीच्या नव्या चपलांचे अंगठे झिजून गेलेत. टाचा कोऱ्या आणि पुढं भोक! पाय घासत चालते, दुसरं काय. रेश्माला सांगितलं, चालीकडं लक्ष द्या. ती खाली मान घालून हसली. आजकालच्या सुनांना सांगून उपयोग नाही.

दोन, पोरीच्या पोटरीला काळं वंगण लागलेलं होतं. मी रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. देवळात वंगण कुठून आलं, तर चांगुणा म्हणाली, "दिव्याचं आसंल." असेलही.

तीन, दहा-अकराचा पाना दोन दिवस सापडत नव्हता. आज जागेवर आहे.

चार, चांगुणेचे गुडघे. चार पायऱ्या चढायच्या तर देवाचं नाव घेणारी बाई देवळातून येते ती घामानं निथळत, आणि तोंडावर हसू. भक्तीत ताकद असते असं म्हणतात ते खोटं नाही.

रविराज या शनिवारी आला नाही. काम आहे म्हणाला.

२४ जानेवारी, शनिवार

आजही आला नाही.

सायकल लुगड्याखाली उभी आहे. पंधरा दिवस राहिले. पोरीला विचारलं, "भीती वाटती का?" ती म्हणाली, "मला नाही वाटत." मग थोड्या वेळानं, "तुम्हाला वाटते का, आप्पा?" म्हटलं, मला कशाची भीती वाटणार! पण खरं सांगायचं तर वाटते. ही सायकलही आढ्याला टांगावी लागेल अशी भीती वाटते. आणि या खेपेला लोकांना दाखवून हसायची मला इच्छा होणार नाही, असं आज पहिल्यांदाच मनात आलं. का आलं कोण जाणे. म्हातारपण.

२९ जानेवारी, गुरुवार

आज संध्याकाळी मोटारसायकलचं मागचं चाक बसलं म्हणून ढकलत वाल्मिककडं गेलो. वाल्मिकचं पंक्चरचं दुकान वस्तीच्या फाट्यावर आहे, माझ्याच वयाचा गडी, चाळीस वर्षं तिथंच बसलाय. तो दुकानात नव्हता. मागं सोसायटीच्या गोडाऊनपुढं सिमेंटचा मोठा कोबा आहे, तिकडून हसण्याचा आवाज आला म्हणून गेलो.

संस्कृती होती. वाल्मिकच्या दुकानातल्या एवढ्याशा तांबड्या, रंग उडालेल्या सायकलवर बसली होती. सायकलला पॅडलच नव्हती. ती दोन्ही पायांनी जमीन मागं रेटत पळत होती आणि जोर आला की दोन्ही पाय वर उचलून घरंगळत जात होती. लांबपर्यंत. पडत नव्हती. वळत होती. आणि तिच्यामागं, लुगड्याचा ओचा खोचून, माझी बायको पळत होती. वाल्मिक बादलीवर बसून टाळ्या वाजवत होता.

मी भिंतीआड उभा राहिलो. चपलांचे अंगठे, वंगण, पाना, घाम, सगळं एका क्षणात ध्यानात आलं. पंधरा दिवस सगळं डोळ्यांपुढं होतं आणि मी ते या डायरीत ओळीनं लिहूनसुद्धा ठेवलं होतं! माझ्यासारखा शहाणा मीच.

त्यांना न दिसता परत फिरलो. पण वाल्मिकनं पाहिलं. फाट्यावर मला गाठलं.

"आप्पा, रागवू नका. पाय टेकले की भ्या जातं. भ्या गेलं की तोल येतो. तोल आला की पॅडल बशीवतो, त्याला काय दोन मिंटं."

म्हटलं, "माझी सायकल काय वाईट हाय?"

"सायकल चांगली हाय. पोरगी तिच्या मापाची न्हाई." मग पान्यानं हात खाजवत म्हणाला, "रविराजच्या टायमाला बी मी बोल्लो हुतो. सीट खाली करून देतो म्हनलो. तुमी म्हनला, ऱ्हाऊ दे, वाढत्या अंगाची हाय."

मला हे आठवत नाही. नीट आठवायचा प्रयत्न केला. आठवतं.

३० जानेवारी, शुक्रवार

काल लई राग आला होता. माझ्या घरात माझ्यामागं कारस्थान! रात्री जेवताना कुणाशी बोललो नाही. कुणी विचारलंही नाही, त्याचा आणखी राग आला.

आज सकाळी बागेत पेरू कॅरेटमध्ये भरता भरता चांगुणेला म्हटलंच, "देवीला रोज जातीस, देवी काय म्हनती?"

तिनं हातातला पेरू खाली ठेवला. "बघितलं व्हय तुमी? बरं झालं. मला बी खोटं बोलून जड झालं हुतं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"मी सांगनार हुते. पोरगी न्हाई म्हनली. म्हनली, आजी, आप्पांना सांगू नको. त्यांनी एवढी मोठी आनली, त्यांना वाईट वाटंल. मी मोठी झाले की त्यांचीच चालवीन."

मी पुन्हा पेरूंना हात घातला.

"आवो, पाच वर्साच्या पोरीनं तुमचं मन सांभाळायचं, का तुमी तिचं?"

मी पेरू भरत राहिलो. कच्चे आणि पिकले एकत्र भरले गेले, ते नंतर पुन्हा निवडावे लागले. थोड्या वेळानं ती तिकडं तोंड करूनच म्हणाली, "रवीनं बी सांभाळलं. पॅडलला पाय पुरत न्हाई हे त्यानं तुमाला कधी सांगितलं का? मला सांगितलं हुतं. म्हनला, आप्पांनी हौसंनं आनलीया. अन् तुमी लोकांना दाखवायचा, घोडी तबेल्यात. त्यो हसायचा अन् मग मागच्या दारी येऊन माझ्या पदराला डोळे पुसायचा."

"मला कसं दिसलं न्हाई?"

"तुमी पुढच्या दारी हसत हुता."

तीस वर्षं ही बाई हे घेऊन बसली होती. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आज इथंच थांबतो.

१ फेब्रुवारी, रविवार

निळी सायकल टेम्पोत घातली, रेश्माला आणि पोरीला शेजारी बसवलं आणि राहात्याला गेलो. दुकानदार मला बघून म्हणाला, "काका, पाय आनले का?" लक्षात ठेवलं होतं लेकाच्यानं. म्हटलं, "आनलेत. दोन्ही."

खरवडलेली सायकल परत घेताना त्यानं थोडं कमी धरलं. मी भांडलो नाही. रेश्मानं माझ्याकडं दोनदा वळून बघितलं.

मग पोरीला एकेका सायकलवर बसवलं. सोळा इंचीवर तिचे चवडे टेकत होते, टाचा उचललेल्या. माझा सगळा जीव त्या सोळावर. एक वर्ष जास्त चालली असती. जीभ दाताखाली धरली. चौदावर बसली तर दोन्ही तळवे जमिनीला सपाट. सरपंच खुर्चीत बसावा तशी बसली. दुकानदारानं ब्रेक दाबायला सांगितलं. निळीचा ब्रेक तिच्या बोटांना पुरतच नव्हता, आणि ते मी कधी बघितलंही नव्हतं. या सायकलचा तिनं सहज दाबला. मग तिनं आपणहून सायकल आडवी पाडली आणि एकटीनं उचलून उभी केली. "बघा, मला उचलता येते," म्हणाली. ही परीक्षा तिला कुणी शिकवली विचारलं तर म्हणते, "वाल्मिकआजोबांनी."

रंग पिवळा घेतला. घंट्या तिनं सात वाजवून बघितल्या आणि पहिलीच घेतली.

दारात थांबून मला म्हणाली, "आप्पा, ही लहान झाली तर?"

"लहान झाली तर दुसरी आनू."

हे वाक्य आमच्या घराण्यात आजवर कुणी उच्चारलं नसेल. आजोबा वरून ऐकत असतील तर त्यांनी कानावर हात ठेवले असतील. रेश्मा म्हणाली, "आप्पा, उसाचा रस घेऊ या, मी देते." तीन पेले घेतले, बिनबर्फाचे. रस गोड होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रविराजला फोन केला. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यानं "बोला आप्पा" म्हटल्यावर मी विचारलं, पुण्यात थंडी आहे का. तो म्हणाला, आहे. म्हटलं, इकडंही आहे. मग दोघंही थोडा वेळ थंडीवर थांबलो. शेवटी म्हटलं, "वाढदिवसाला ये. मी काय कुनाला सोडनार न्हाई आता." त्याला काय समजलं कोण जाणे. म्हणाला, "येतो."

वाल्मिकनं पिवळीची पॅडल काढून दिली. चार दिवस तशीच चालवायची, मग बसवायची असा त्याचा हुकूम. पोरगी म्हणते, "आता माझे पाय सायकलला ओळखतात."

दाराच्या चौकटीवरची रेघ तिनं आज बघितलीसुद्धा नाही. दूध मात्र एकाच पेल्यावर आलंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पॅडल बसवली. मी लांबून बघितलं. कोब्यावर एक, दोन, तीन फेऱ्या. कुणीही धरलं नव्हतं, कुणीही सोडलं नव्हतं. मी इतकी वर्षं सायकल शिकवण्याबद्दल बोलत आलो ते सगळं मागं घेतो.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊ वाजता संस्कृती, आजच पाच वर्षांची झालेली पोरगी, पिवळ्या सायकलवर, नवा फ्रॉक घालून ओट्यापासून निघाली. फ्रॉक मापाचा होता, तोही मीच आणायला सांगितला. बाभळीपर्यंत गेली, पाय टेकले, वळली आणि घंटी वाजवत परत आली. चांगुणेनं ओवाळलं, आधी पोरीला, मग सायकलला. रेश्मा मोबाईलवर शूटिंग घेत होती आणि रडत होती, त्यामुळं शूटिंगमध्ये बराच वेळ आमच्या ओट्याची फरशीच दिसते.

रविराज ओट्याखाली उभा होता. नुसता बघत होता. पोरगी त्याच्यापुढं येऊन थांबली आणि म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही."

तो म्हणाला, "मला येत न्हाई, बाळा."

"सोप्पी आहे. आधी पाय टेकायचे."

आणि कुणी काही म्हणायच्या आत गोठ्याकडं पळाली. माझ्या काळ्या सायकलच्या हँडलला लोंबकळून ती ओढायला लागली. ती तिच्यानं हलेना, म्हणून मीच काढली. अंगणात आणली. रविराज उगीच हसला, तेच हसू, तीस वर्षांपूर्वीचं. मी आज ते ओळखलं.

म्हटलं, "रवी, ते घोडी-तबेल्याचं मी लोकांपुढं बोलायचो ना, ते बोलायला नको हुतं. अन् सायकल तुझ्या मापाची न्हवती. तू भित्रा न्हवता."

तो खाली बघत म्हणाला, "जाऊ द्या आप्पा, लई वर्सं झाली."

"वर्सं झाली म्हनूनच सांगतोय. आनखी झाली तर ऱ्हाऊन जाईल."

त्यानं मान हलवली. मग सायकलवर टांग टाकून बसला. उंच आहे तो माझ्यापेक्षा, तरीही चवडेच टेकले. तेवढ्यात संस्कृतीचा आवाज आला, "आप्पा, सीट खाली करा ना! पप्पांचे पाय टेकत नाहीत."

पाना तिच्या हातात तयार होता.

ती सीट पन्नास वर्षांत कुणी हलवली नव्हती. नट गंजून बसलेला. रॉकेल ओतलं, थांबलो, पुन्हा जोर लावला. रविराजनं वरून पकडलं, मी खालून फिरवलं. करकरला आणि सुटला. चार बोटं सीट खाली केली. रविराज पुन्हा बसला. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. तो आपल्या पायांकडं बघतच राहिला. माझ्या मनात आलं, हा पाना मी कधीही उचलू शकलो असतो. गोठ्यातच होता.

मी कॅरिअर धरलं.

"आप्पा," तो मागं न बघता म्हणाला, "सोडू नका."

"न्हाई सोडत."

निघालो. पहिल्यांदा तो पाय घासत गेला, मग एक पाय पॅडलवर, मग दोन्ही. हँडल इकडं-तिकडं. पिवळी सायकल शेजारून घंटी वाजवत चाललेली, "पप्पा, पुढं बघा, चाकाकडं नाही!" चांगुणा ओट्यावरून ओरडत होती, "आवो, तुमचं वय काय, पळताय काय!" अर्ध्यात मला कळलं की गाडी तोलावर आहे. आता सोडलं तरी जाईल. हात सैल करायची सवय जुनी, बोटं आपोआप उघडायला लागली होती. मी ती पुन्हा आवळली. त्यानं सोडा म्हटलं नव्हतं.

बाभळीपाशी तो थांबला. पाय टेकले. मागं वळून बघितलं तर मी कॅरिअर धरून वाकलेला, धापा टाकत. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, आणि बराच वेळ बघितलं.

मग म्हणाला, "परत जायचं?"

म्हटलं, "दम खाऊ दे."

आज फवारणी राहिली. उद्या करीन.